नानांचा घटस्फोट झाला नव्हता

घर विकून पैसे दोघांत वाटून घ्यावेत असा कोर्टाचा हुकूम होऊन दीड वर्ष उलटलं, तरी घर जागचं हललं नव्हतं. त्यात दोन माणसं निवांत राहत होती. एक तिचा पूर्वीचा नवरा आणि दुसरे तिचे सख्खे वडील.

ही दोघं एका छपराखाली कशी, हे समजावून सांगताना तिच्या नाकी नऊ यायचे. तिच्या वकीलबाईंनीसुद्धा पहिल्यांदा ऐकून विचारलं होतं, की वडील म्हणजे त्याचे ना? तर नाही, तिचेच. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी हयातभर शाळेचे गणवेश शिवले. बायको गेली, पुढे लेक-जावयाने हे घर घेतलं, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि शिलाई मशीन उचलून खालच्या मागच्या खोलीत राहायला आले. घर अरुंद आणि उंच, दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मध्ये अंगावर येणारा जिना, मागे नळ आणि चार कुंड्या मावतील एवढं अंगण. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे गल्लीत तो लिफ्टवाला. त्याला आणि नानांना एकच खोड होती. रेडिओवर बातम्या लावायच्या आणि बातम्या देणाऱ्याशी वाद घालायचा. या एका खोडीवर त्यांचं जे जमलं ते जमलंच.

तिचं आणि लिफ्टवाल्याचं लग्न मोडलं ते भांडून नव्हे. भांडण असतं तर निदान दोघांचा आवाज तरी चढला असता. तिच्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असायचं, ‘बघू’. मूल होत नाही, डॉक्टरकडे जाऊ या का? बघू. दुसऱ्या गावी चांगली नोकरी मिळतेय, घेऊ का? बघू. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवताना केसभर इकडचं तिकडे झालं तर माणसाला घास चावता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. असल्या बाईला ‘बघू’वर संसार करणं जमेना. एका सकाळी तिने विचारलं, की आपण वेगळं व्हायचं का? त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, बघू. त्या दिवशी तिने बॅग भरली.

नाना आपल्याबरोबर येणार हे तिने गृहीतच धरलं होतं. तिने त्यांचे कपडेही काढून ठेवले. नाना पलंगावर बसून ते बघत राहिले, मग एकेक घडी उचलून परत कपाटात ठेवत म्हणाले, “पोरी, घटस्फोट तुमचा होतोय. माझा नाही.”

ती हसली, मग रडली, मग एकटीच गेली. लॅबच्या जवळ तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. रविवारी ती नानांना भेटायला जायची, तेव्हा लिफ्टवाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचा. नाना स्वतः चहा करायचे, कप तिच्या हातात द्यायचे आणि पेपर वाचून दाखव म्हणायचे. म्हातारपणी माणूस आळशी होतो, असं तिला वाटायचं.

कोर्टाच्या हुकुमात वर्षभराची मुदत होती. ती मुदत लिफ्टवाल्याने कशी घालवली, ते बघण्यासारखं होतं. तो नाही म्हणाला नाही. घर दाखवायला दलाल गिऱ्हाइक आणायचा, लिफ्टवाला दार उघडायचा, खुर्च्या द्यायचा आणि मग घराची माहिती सांगायचा. मागची भिंत ओल धरते. वरच्या नळाला पाणी करंगळीएवढं येतं. उजवीकडचे शेजारी पिपाणी शिकताहेत, अजून सूर सापडलेला नाही. गिऱ्हाइक चहाही न पिता उठायचं. एकदा तिने फोन करून झापलं, तर तो शांतपणे म्हणाला, की मी एक अक्षर खोटं बोललो असेन तर सांग. ती म्हणाली, की तू खोटं बोलत नाहीस, तू खरं बोलून घर अडवून ठेवतोस. त्यावर तो नेहमीचंच म्हणाला, बघू. तिने फोन ठेवून दिला.

तिला घराचा तिटकारा नव्हता, पैशाचा हव्यासही नव्हता. पण तिचं सगळं तिथे अडकून पडलं होतं. स्वतःची छोटी लॅब काढायची होती. आणि मुख्य म्हणजे कागदावर तुटलेलं नातं रोज थोडंथोडं तुटत राहावं हे तिला सोसेना. शेवटी ती पुन्हा कोर्टात गेली. कोर्टाने एक कमिशनरबाई नेमल्या आणि त्यांना सांगितलं, की घराचा ताबा घ्या, सामानाची मोजदाद करा, विक्री तुम्हीच उरका. लिफ्टवाल्याला घर रिकामं करायची तारीख मिळाली. ती तारीखही उलटली. मग अजून एक तारीख ठरली, या वेळी बेलीफ सोबत देऊन.

नानांना तिने सांगितलं होतं. तयारी ठेवा, या वेळी माझ्याकडेच यायचंय. नानांनी फोनवर नुसतं ‘हं’ म्हटलं.

ताब्याच्या दिवशी तिने यायची गरज नाही असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. तरी ती गेली. दारात सगळी मंडळी जमली होती. कमिशनरबाई उंच, केस कापलेले, काखेत फाइल, दुपारी दुसरीकडे जायचं असल्यामुळे सारखं घड्याळाकडे लक्ष. बेलीफ जाडसर, घाम पुसत उभा. सामान हलवायला दोन हमाल. आणि दार उघडलं नाही तर असावा म्हणून एक कुलूपवाला. पण बेल वाजवताच लिफ्टवाल्यानेच दार उघडलं, तेव्हा कुलूपवाला पायरीवर टेकला आणि त्याने आपला डबा काढला.

कमिशनरबाईंनी हुकूम वाचून दाखवला. लिफ्टवाल्याने हाताची घडी घालून ऐकून घेतलं. घरात एक खोकं बांधलेलं नव्हतं. पडदे जागच्या जागी, भिंतीवर घड्याळ, रेडिओवर बातम्या मंद आवाजात चालू. बाईंनी विचारलं, सामान का बांधलं नाही? तो म्हणाला, की अजून थोडा वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं. बाई म्हणाल्या, की वेळ देऊन झालाय, आता काम करू द्या. त्यांनी हमालांना खुणावलं.

स्वयंपाकघरातून नानांचा आवाज आला, की सगळ्यांसाठी चहा टाकलाय, पिऊन मग काय ते करा. बेलीफला हे बरं वाटलं. कमिशनरबाई नको म्हणत होत्या, पण तोवर कपांचा किणकिणाट ऐकू आला होता.

हमाल मागच्या खोलीत शिरले. बाई एकेका वस्तूची नोंद सांगत होत्या, बेलीफ लिहून घेत होता. कपाट तपासायचं होतं आणि त्याच्या पुढ्यात शिलाई मशीन होतं, म्हणून हमालांनी ते उचलून मधल्या वाटेत आणून ठेवलं. पलंग सरकवला. एक स्टूल जिन्यापाशी ठेवलं. लिफ्टवाला एकदम पुढे झाला आणि म्हणाला, की ते तिथे नको. हमालाने बाईंकडे पाहिलं, बाईंनी घड्याळाकडे. तेवढ्यात नाना स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आले.

ते नेहमीसारखे आले. ताठ, झपझप, मान किंचित वर. आणि थेट मशीनवर आदळले.

कप फुटले. चहा त्यांच्या शर्टावर, मशीनवर, फरशीवर सांडला. भाजलं असणार, पण नाना ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे करून समोरची वस्तू चाचपली. बोटं लाकडी फळीवरून फिरली, चाकाशी आली, तिथे थांबली.

“हे इथे कोणी आणलं?” त्यांनी हळूच विचारलं.

नाना वळायला गेले आणि स्टुलाला अडखळले. मग ते तिथेच उभे राहिले. दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, पाय उचलायचा की नाही कळत नसल्यासारखे. स्वतःच्या घरात, भर उजेडात, त्यांना कुठल्या बाजूला जायचं ते कळत नव्हतं.

ती दोन पावलांवर होती. तिने त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूला हात नेला आणि बोटं हलवली. नानांची नजर हलली नाही. हात तिने सावकाश समोर आणला, तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एखाद्या नळीतून पाहावं तसं.

“आता कळलं तुला,” नाना म्हणाले. “चला. एक काम उरकलं.”

लिफ्टवाला फडकं घेऊन गुडघ्यावर बसला होता आणि फरशी पुसत होता. मान वर न करता त्याने सांगितलं. काचबिंदू आहे. डॉक्टरांकडे गेलो तोवर बराच उशीर झाला होता. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायला थेंब चालू आहेत. कडेचं सगळं गेलंय, मधलं थोडं आहे, तेही हळूहळू जाणार. घर पाठ आहे म्हणून निभतंय. मला का नाही सांगितलं, एवढंच ती विचारू शकली. तो म्हणाला, की त्यांनी शपथ घातली होती.

कमिशनरबाईंनी फाइल मिटली आणि हमालांना बाहेर थांबायला सांगितलं. बेलीफ स्वयंपाकघरात जाऊन नानांच्या हातावर लावायला गार पाणी घेऊन आला.

ती अंगणात गेली. तिला हवा हवी होती. अंगणाच्या पायरीपासून नळापर्यंत एक जाड दोरी कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली होती. रविवारी ती दिसायची, पण कपडे वाळत घालायची समजून तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. परत आत येताना तिने जिन्याकडे नीट पाहिलं. प्रत्येक पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी चिकटवलेली. स्वयंपाकघरात गॅसच्या बटणावर कानशीने पाडलेली खाच, बंद कुठे ते बोटाला कळावं म्हणून. साखरेच्या डब्याला रबरबँड, चहाच्या डब्याला नाही. सगळं नेटकं, मापात, कुणालाही अभिमान वाटावा असं. आणि तिला अभिमान वाटला नाही. तिला मत्सर वाटला. हा माणूस तिच्या बापासाठी पायरी न पायरी चाचपत गेला होता. तिच्यासाठी तो एक शब्द बदलू शकला नव्हता.

तो तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. ती म्हणाली, की पुन्हा तू मलाच वाईट ठरवलंस. हुकूम घेऊन आंधळ्या बापाला घराबाहेर काढणारी लेक. गल्ली बघतेय. एकदा सांगितलं असतंस तर मी कोर्टात गेले असते का?

त्याने नेहमीचा शब्द तोंडात आणला आणि गिळला, हे तिला दिसलं. मग तो म्हणाला, “नानांचं कारण खरं आहे. पण तेवढंच कारण नव्हतं. ते गेल्यावर या घरात मी कुणाशी बोलणार, हेही होतं.”

इतक्या वर्षांत तो स्वतःबद्दल इतकं सरळ वाक्य तिच्यासमोर कधी बोलला नव्हता. आता ते ऐकून करायचं काय, हे तिला कळेना.

आतून नानांनी दोघांना हाक मारली. ते पलंगावर बसले होते, हात पाण्याच्या भांड्यात बुडवलेला. कमिशनरबाई दाराशी उभ्या. नानांचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि तो राग नेमका कुणावर, ते आधी समजेना.

“मी याच्याकडे सहा महिने मागितले होते,” नाना म्हणाले. “डोळ्यांची सवय होईपर्यंत. नंतर मीच तुला सांगणार होतो आणि तुझ्याकडे येणार होतो. यानेच दर वेळी म्हटलं, की राहू द्या नाना, बघू. मलाही बरं वाटायचं, मी गप्प बसायचो. आणि तू दर रविवारी विचारायचीस, कधी येताय? कसे आहात, असं एकदा तरी विचारलंस? तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी कसा चढणार होतो? तुम्ही दोघं आपापलं भांडण माझ्या आडून भांडताय. मला दिसत नाही म्हणजे मला कळत नाही, असं नाही.”

लिफ्टवाल्याने मान खाली घातली. ती नानांच्या शेजारी बसली. भांड्यातला हात बाहेर काढून तिने पाहिला. मनगटाजवळ लाल चट्टा उठला होता. त्याच हाताने तिला लहानपणी सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं. डोळा मिटला तरी दोरा जाईल असं ओव, म्हणायचे. हे तिला आठवलं.

कमिशनरबाईंनी घसा खाकरला. त्या म्हणाल्या, की मला हुकूम थांबवता येत नाही. पण दोघांनी मिळून मुदत मागितलीत तर कोर्ट बहुधा देईल. किती, कशासाठी, ते तुम्हीच ठरवा. आणि लवकर ठरवा, मला दुपारी दुसऱ्या घरी जायचंय.

तिथे तिने जे केलं त्याचा तिने नंतर पुष्कळदा विचार केला. रडून हुकूम मागे घेणं सोपं होतं. गल्लीला तेच आवडलं असतं, बेलीफलाही. पण हुकूम मागे घेतला असता तर तिघंही पुन्हा त्याच ‘बघू’त बुडाली असती. नानांचे डोळे तर थांबणार नव्हते. नवं घर पाठ करायचं तर आत्ताच, थोडं दिसतंय तोवर. उद्या ते सगळंच गेलं असतं. ती उठली आणि म्हणाली, की तीन महिने. त्याहून एक दिवस जास्त नाही. घराच्या किल्लीची जोडी बाईंकडे राहील. गिऱ्हाइकं त्या आणतील. आणि गिऱ्हाइक घरात असताना हा तोंड उघडणार नाही.

“उघडलं तर मी चिमटा काढीन,” नाना म्हणाले. “जवळ बसवा म्हणजे झालं.”

बेलीफ मोठ्याने हसला आणि मग सरकारी काम आठवून गप्प झाला. अर्जाचा मसुदा बाईंनी उभ्याउभ्या सांगितला. दोघांनी सह्या केल्या, तिने आधी, त्याने नंतर. हमालांनी मशीन परत जागेवर ठेवलं. नानांनी उठून ते हाताने तपासलं, जरासं डावीकडे घ्यायला लावलं, आणि नव्याने चहा टाकायला निघाले. या वेळी कोणी नको म्हटलं नाही.

पुढचे तीन महिने सोपे नव्हते. तिने तळमजल्यावरची जागा शोधायला घेतली. एक मिळाली, पण दारातच रहदारीचा रस्ता. दुसरी मिळाली, तिथे न्हाणीघर सामाईक. शेवटी लॅबपासून थोड्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या. शेजारी एक न्हाव्याचं दुकान, एक चाव्या करणारा, एक धोबी. रिकामी जागा बघायला तिने नानांना नेलं, तेव्हा नाना दारात थांबले आणि नाक वर करून वास घेत राहिले. मग म्हणाले, की रंग नवा आहे, हवा जुनी आहे. खिडकी उघड.

दर रविवारी ते यायचे. तिने सामान मुद्दाम आधीच लावून ठेवलं आणि ठरवलं, की आता एक खुर्चीही हलवायची नाही. नाना भिंतीला पंजा लावून चालायचे, दाराच्या चौकटी मोजल्यासारख्या हाताने चाचपायचे. चिडायचे. एका रविवारी न्हाणीघराचं दार समजून त्यांनी कपाट उघडलं आणि आत पाय टाकला. ती धावली, तर त्यांनी तिचा हात झटकला आणि सबंध दुपार बोलले नाहीत. संध्याकाळी घरी परत जाताना मात्र म्हणाले, की त्या घरी असलं काही होत नाही. तिला ते लागलं. पण तिने पुढच्या रविवारीही त्यांना आणलं.

मग एका रविवारी लिफ्टवाला त्यांच्याबरोबर आला. हातात हत्यारांची पिशवी. दारातच उभा राहून त्याने विचारलं, की येऊ का? पूर्वी कधी तो असं विचारून आत आला नव्हता. तेव्हा घर त्याचंच होतं. ती बाजूला झाली. त्याने उंबऱ्याला पट्टी लावली, गॅसच्या बटणाला खाच पाडली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. तीन तास काम केलं, तेवढ्या वेळात दोघांत मोजून चार वाक्यं झाली असतील, तीही स्क्रूबद्दल. निघताना तिने चहा विचारला. तो म्हणाला, हो. एवढंच म्हणाला, पण ती स्वयंपाकघरात जाऊन क्षणभर नुसती उभी राहिली.

घराला गिऱ्हाइक मिळालं ते दुसऱ्या महिन्याच्या शेवटी. दोघी बहिणी, एक नर्स आणि एक शाळेत गाणं शिकवणारी. कमिशनरबाईंनी त्यांना आणलं तेव्हा तीही हजर होती. लिफ्टवाला कबूल केल्याप्रमाणे ओठ घट्ट मिटून नानांच्या शेजारी बसलेला. नर्सबाईंनी वरखाली फिरून घर पाहिलं, मागच्या भिंतीवर हात टेकवला आणि विचारलं, की इथे ओल येते का?

लिफ्टवाल्याने तिच्याकडे पाहिलं. नानांनीही मान तिच्याकडे वळवली. कमिशनरबाई छताकडे बघत राहिल्या. तिला वाटलं, की एक ‘नाही’ म्हटलं की सुटले. मग ती म्हणाली, की हो, येते. बाहेरून गिलावा करून घ्यावा लागेल. आणि वरच्या नळाला पाणी कमी येतं. शेजारी पिपाणी शिकताहेत हेही तिने सांगून टाकलं. गाणं शिकवणारी बहीण त्यावर म्हणाली, की मग त्यांना कुणीतरी शिकवायलाच हवं. त्यांनी किंमत थोडी पाडून मागितली. तिने आणि लिफ्टवाल्याने एकमेकांकडे न बघता होकार दिला.

शेवटच्या दिवशी सामान गेल्यावर ती दोघंच घरात उरली. नाना नव्या जागी होते, त्यांना सकाळीच पोचवलं होतं. रिकाम्या खोल्यांत बोललेलं घुमत होतं, म्हणून दोघंही हळू बोलत होती. तो जिन्याच्या पट्ट्या काढायला बसला होता. तिने विचारलं, की कशाला, त्या बहिणींना उपयोगी पडतील. तो म्हणाला, खरंय, आणि थांबला. त्याने कामाच्या जवळ एक खोली घेतली होती. एकट्याला पुरते, म्हणाला. मग त्याने विचारलं, की तेव्हाच मी नीट उत्तरं दिली असती तर तू थांबली असतीस का?

त्याला बरं वाटेल असं काही तिला सांगता आलं असतं. पण खोटं सांगायची ही जागा नव्हती. ती म्हणाली, “माहीत नाही. तेव्हा विचारलं असतंस तर सांगता आलं असतं.”

त्याने मान हलवली. त्यात तक्रार नव्हती. दोघांनी मिळून खिडक्या लावल्या, तिने वरच्या, त्याने खालच्या. किल्ल्या कमिशनरबाईंच्या हातात दिल्या, त्यांनी सही घेतली आणि घाईने निघून गेल्या. गल्लीच्या तोंडाशी तो उजवीकडे वळला. ती डावीकडे जाता जाता एकदा थांबली. आता जोर लावून ओढायचं काही उरलं नव्हतं, आणि हात अजून आवळलेलेच होते. घरी पोचेपर्यंत तिला ते जाणवत राहिलं.

नव्या जागेत पहिले काही आठवडे नाना खचले. घर पाठ झालं होतं, पण पाठ होणं वेगळं आणि आपलं होणं वेगळं. रेडिओ लावायचे आणि वाद न घालताच बंद करायचे. ती लॅबमध्ये गेल्यावर दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. लिफ्टवाला गुरुवारी यायचा, तेवढा वेळ त्यांचा आवाज खुलायचा. तो गेल्यावर ते विचारायचे, हा उतरला का गं, आवाज बारीक वाटला. ती म्हणायची, की मला तसा दिसला नाही, आणि मग तिच्या लक्षात यायचं, की आपण त्याच्याकडे खरंच पाहिलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी तिने पाहिलं. उतरला होता. तिने त्याला जेवून जा म्हटलं. त्यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं, त्याच्याही नसावं. पण तिघं एका टेबलाशी बसून जेवली आणि नानांनी खूप दिवसांनी बातम्यांवर तोंडसुख घेतलं.

नव्या लॅबसाठी जागा बघायला ती एका दुपारी गेली होती. परतायला उशीर झाला. दार उघडं, खुर्ची रिकामी, नाना कुठेच नाहीत. न्हाणीघरात नाहीत, मागच्या बाजूला नाहीत. ती चपला न घालताच बाहेर धावली, आधी रस्त्याकडे, मग उलट. धोब्याला विचारलं, त्याने हातातल्या इस्त्रीनेच शेजारी खूण केली.

न्हाव्याच्या दुकानात नाना खुर्चीत ऐसपैस बसले होते. गळ्याला पांढरं कापड, अर्ध्या चेहऱ्याला फेस. भिंत चाचपत एकटेच आले होते. न्हाव्याचा ॲप्रन शिवणीत उसवलेला होता आणि त्याची कड बोटांत धरून ते त्याला सांगत होते, की ही शिवण ज्याने घातली त्याला आधी उपाशी ठेवला पाहिजे. न्हावी वस्तरा वर धरून हसत होता. काका, मशीन आहे ना घरी, मग तुम्हीच घाला की नवीन, असं तो म्हणाला. डोळे नाहीत रे, नाना म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, की पण सरळ टाका घालायला डोळे कशाला लागतात, कापड तेवढं जाड आण.

ती दारातच उभी राहिली. धापा आवरत होती, काही बोलली नव्हती. तरी नानांनी मान किंचित वळवली.

“आलीस? अनवाणी का आलीस? बस तिथे. अर्धी दाढी राहिलीय.”

न्हाव्याने बाकावरची वर्तमानपत्रं सरकवून तिला जागा करून दिली. ती बसली.